दर दोन घंट्यांनी

आपल्या पिढीला हॉस्पिटल बऱ्यापैकी कळतं. क्रिएटिनिन किती असावं, कॅशलेस कसं करायचं, टीपीएला कुठला कागद लागतो, सेकंड ओपिनियन कुणाचं घ्यायचं, एमआरआयचा रिपोर्ट मित्राच्या डॉक्टर बायकोला व्हॉट्सअॅपवर कसा पाठवायचा... हे सगळं आपल्याला झोपेतही जमतं. डॉक्टर राउंडला आले की आपण असे काही प्रश्न विचारतो की बिचारे चष्मा पुसायला लागतात!

आता जरा सोपे प्रश्न. नुकतंच ऑपरेशन झालेल्या साठ किलोच्या म्हाताऱ्या माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं? त्याची कवळी रात्री काढायची की राहू द्यायची? डोळे मिटत असताना त्याला वरण-भात भरवायचा की नाही? लघवीच्या नळीची पिशवी कुठे अडकवायची?

झालात ना गप्प? मीही गप्पच होतो. गेल्या मे महिन्यात चंद्रपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये अकरा रात्री काढल्या, तेव्हा एकेक उत्तर मिळत गेलं. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपण ज्याला 'सेवा' म्हणतो ते नुसतं प्रेम नसतं. ते एक काम आहे. त्याची पद्धत असते, ती शिकावी लागते, आणि चांगली बातमी अशी की ती एका दुपारी शिकता येते.

हाड जुळतं, माणूस खचतो

आमचे आबाजी (विदर्भात आम्ही आजोबांना आबाजी म्हणतो) एक्क्याऐंशी वर्षांचे. बल्लारपूरच्या पेपरमिलमधून रिटायर झाले, त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. रात्री अंगणात उठले, पाय सटकला, खुब्याचं हाड मोडलं. मी पुण्याहून नागपूरचं विमान पकडलं, पुढे टॅक्सीनं दीडशे किलोमीटर. पोहोचलो तोवर ऑपरेशनची तारीख ठरली होती.

सर्जन भला माणूस. त्यांनी स्पष्टच सांगितलं, 'हाडाची काळजी मी करतो. पण या वयात खुबा मोडलेली माणसं बहुतेक वेळा हाडानं जात नाहीत, पडून राहण्यानं जातात.' पडून राहिलं की छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात, आणि बघता बघता पायातला जोर जातो. म्हणजे खरी लढाई ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, तर खाटेवर होती. आणि खाटेजवळ चोवीस तास कोण असणार? आपणच!

पुरुषांचा वॉर्ड. चाळीस खाटा, रात्री दोन सिस्टर. खिडकीला भलेमोठे कूलर, आणि तरीही मध्यरात्री उशी ओली. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. घरात वाटणी झाली. दिवसा आई-बाबा, रात्री मी. वर्क फ्रॉम होम ऐकलं होतं, हे वर्क फ्रॉम वॉर्ड!

पहिल्याच रात्री मोठ्या सिस्टरनी मला बोलावलं. 'भाऊ, गोळ्या-इंजेक्शन माझ्याकडे. पण आबाजीले दर दोन घंट्यानं पलटवनं तुमच्याकडे. या, दाखवतो.' (आमच्याकडे बायाही 'दाखवतो' म्हणतात, दचकू नका.)

कातडी बोलत नाही

निरोगी माणूस झोपेत कितीतरी वेळा कूस बदलतो. त्याला कळतही नाही. एका जागी दाब पडला की शरीर आतून टोचतं आणि आपण वळतो. ऑपरेशन झालेल्या, गुंगीत असलेल्या, अशक्त माणसाला हे जमत नाही. मग माकडहाड, टाचा, खुबे, खांदे, डोक्याची मागची बाजू, जिथे जिथे हाड वर आणि मांस कमी, तिथली कातडी हाड आणि गादीच्या मध्ये चेपली जाते. रक्त पोहोचत नाही. कातडी उपाशी मरते. यालाच बेडसोअर म्हणतात. सुरुवात काही तासांत होते, भरून यायला मात्र महिने लागतात.

सिस्टरनी शिकवलेली पद्धत अशी. आधी आबाजींना सांगायचं की आता वळवतोय. सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. अंगाखाली चौघडी चादर आडवी घातलेली असते, ती दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायची आणि माणूस उचलायचा. ओढायचा नाही! ओढलं की कातडी गादीवर घासते. मग एक हात खांद्यावर, एक कमरेच्या खाली, आणि आपल्याकडे हळूच वळवायचं. पाठीशी उशी. पूर्ण आडव्या कुशीवर नाही, थोडंसं तिरकं, म्हणजे सगळा भार खुब्यावर येत नाही. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी. कुठल्या कुशीवर वळवायचं आणि पाय कसा ठेवायचा हे ऑपरेशनवर ठरतं, ते सर्जनला आधी विचारून घ्यायचं.

दर वेळी वळवताना पाठ बघायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर धोक्याची घंटा, त्या बाजूला आता झोपवायचं नाही आणि सिस्टरना दाखवायचं. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसतेच असं नाही. तिथे जागा जास्त काळपट-जांभळी झालीय का, शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हे हातानं बघायचं.

आणि एक जुनी सवय सोडायची. पूर्वी पाठीला स्पिरिट-पावडर लावून खसाखसा चोळायचे. आता ते चुकीचं मानतात. लाल झालेली जागा चोळली की आतलं नाजूक मांस आणखी फाटतं. हवा भरलेली गोल रिंगही नको, ती दाब कमी करत नाही, कडेला गोळा करते. एअर बेड मिळाला तर उत्तम, पण एअर बेड आला म्हणून वळवणं बंद, असं नाही. आमच्याकडे तर घामाचा वेगळा वैताग. खाली रबरी शीट, वर घाम, की कातडी भिजून मऊ पडते. म्हणून वर सुती चादर, आणि ती ओली झाली की लगेच बदलायची.

मोबाइलवर अलार्म लावला. दर दोन घंट्यांनी.

वरोऱ्याचा धडा

हे सगळं शिकताना मला राहून राहून आनंदवन आठवत होतं. चंद्रपूरच्या पोरांच्या शाळेच्या सहली ताडोबाला जातात तशा वरोऱ्याला आनंदवनातही जातात. बाबा आमटेंनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं. लहानपणी तिथली झडलेली बोटं पाहून आम्हाला वाटायचं, हा रोग बोटं खातो.

तसं नसतं. कुष्ठरोगाचे जंतू नसा बधिर करतात. मग चुलीवरचं भांडं हाताला भाजतं ते कळत नाही, चपलेतला खडा दिवसभर टोचतो ते कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि बोटं जातात ती त्या जखमांनी. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हे जगाला पटवून दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वेदना ही शत्रू नाही, राखणदार आहे. राखणदार गेला की घर लुटलं जातं. म्हणूनच बरे झालेले कुष्ठरुग्ण रोज संध्याकाळी स्वतःचे तळपाय डोळ्यांनी तपासतात आणि मऊ रबराच्या खास चपला वापरतात. जे नस सांगत नाही, ते डोळ्यांनी बघायचं.

खाटेवरचा म्हातारा माणूस तसाच. त्याची कातडी बोलत नाही, किंवा बोलते पण त्याला हलता येत नाही. त्याचा राखणदार आपण.

आणखी एक. खुद्द बाबा आमटेंना मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नसे. कितीतरी वर्षं ते उभे असायचे नाहीतर आडवे. याच अवस्थेत १९८५ साली त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा काढली, गाडीत आडवं पडून प्रवास केला. २००८ साली गेले तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. आडवा झालेला माणूस म्हणजे संपलेला माणूस, असं आपण फार पटकन धरून चालतो.

पाणी, कवळी आणि वरण-भात

वय झालं की तहान कमी लागते. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. 'आबाजी, पाणी प्यायलात का?' 'हो.' असा संवाद दिवसातून दहा वेळा व्हायचा आणि बाटली तशीच! मग आईनं बाटलीवर पेनानं खुणा केल्या. दर तासाला दोन-तीन घोट, कधी ताक, कधी पन्हं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी चालेल हे डॉक्टरांना विचारायचं, बाकी सगळ्यांसाठी लघवीचा रंग हाच मीटर. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी.

भरवताना माणूस पूर्ण जागा हवा आणि पाठ ताठ हवी. आडवं ठेवून, डोळे मिटत असताना 'दोन घास तरी खा' म्हणून भरवलं तर तो घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. आपल्या प्रेमाचा न्यूमोनिया! लहान घास, गिळला का बघून पुढचा, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसूनच ठेवायचं.

आणि तोंड. दिवसातून दोनदा दात घासायचे, कवळी असेल तर रात्री काढून घासून पाण्यात ठेवायची, जीभ आणि हिरड्या ओल्या मऊ कापडानं पुसायच्या. यात काय एवढं, असं वाटतं. पण घाणेरड्या तोंडातले जंतू छातीत उतरतात आणि हॉस्पिटलमधल्या न्यूमोनियाचं ते एक मोठं कारण आहे. शिवाय तोंड स्वच्छ असलं की माणूस जेवतो. आबाजींनी तिसऱ्या दिवशी स्वतःहून लिंबाचं लोणचं मागितलं, तेव्हा आई पदरानं डोळे पुसत होती.

'मिलचा भोंगा झाला!'

ऑपरेशननंतरची तिसरी रात्र. दोनचा अलार्म वाजायच्या आधीच आबाजी उठून बसायच्या खटपटीत. 'भोंगा झाला, सायकल काढ.' मला ओळखलं नाही. मिलमधल्या कुणा सहकाऱ्याच्या नावानं हाक मारली. सलाइनची सुई उपसायला लागले. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, 'वात झाला बुढ्याले.'

खरं सांगतो, टरकलो. आता हे असेच राहणार का? डोकं गेलं का?

सिस्टर आल्या, शांतपणे म्हणाल्या की म्हाताऱ्यांना हॉस्पिटलमध्ये असं होतं, पण 'होतं' म्हणून सोडून द्यायचं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना रात्रीच बोलावलं. हा अचानक येणारा, दिवसभरात कमी-जास्त होणारा भ्रम म्हणजे डिलिरियम. विसरण्याचा आजार हळूहळू वर्षानुवर्षं वाढतो, हा एका रात्रीत येतो, आणि याच्या मागे बहुतेक वेळा शरीराचं काहीतरी कारण असतं. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, दुखणं, अडलेली लघवी, बद्धकोष्ठ, एखादं नवं औषध. आबाजींच्या रक्तात सोडियम कमी निघालं. कधी कधी याचा उलटा प्रकारही होतो. माणूस एकदम गप्प, सुस्त होतो आणि घरचे म्हणतात, 'आज शांत झोपलेत.' तेही तितकंच गंभीर.

उपचार सुरू झाले. पण उरलेलं अर्धं औषध आमच्याकडे होतं. चष्मा नाकावर, कानाचं मशीन कानात, समोर घड्याळ आणि कालनिर्णय. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. हात बांधायचे नाहीत. वाद घालायचा नाही, 'मिल बंद आहे आबाजी, आज सुट्टी, मी तुमचा नातू, आपण चंद्रपूरला दवाखान्यात आहोत', असं पुन्हा पुन्हा, हळू आवाजात. दोन दिवसांत भोंगा थांबला.

ही फक्त आजीबाईची युक्ती नाही बरं का! अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर हेच करून पाहिलं. चालवणं, पाणी पाजणं, चष्मा-श्रवणयंत्र देणं, गप्पा मारणं, रात्री झोपू देणं. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्के. १९९९ साली हा अभ्यास छापून आला. नवं औषध एकही नाही!

कोपऱ्यातल्या खाटेवरची गोंडी

आमच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर धानोऱ्याकडचे एक वृद्ध होते. मराठी त्यांना जेमतेम यायची. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे मराठी-हिंदीत बोलायचे आणि ते छताकडे बघत पडून राहायचे. त्यांचा मुलगा खाली सतरंजीवर बसून बापाच्या पायावर हात ठेवून गोंडीत काहीबाही बोलत राहायचा. कुणाची गाय, कुणाचं मोहाचं झाड, काय असेल ते. अकरा दिवसांत त्या म्हाताऱ्याला एकदाही वात झाला नाही. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, मान्य. पण सिस्टर मला म्हणाल्या, 'त्याच्याकडून शिका.'

हे ज्यांना फार पूर्वी कळलं, ते लोक आमच्याच भागात आहेत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं साधी होती. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, पांढरं कापड तर आम्ही प्रेताला गुंडाळतो! मग शोधग्रामचं माँ दंतेश्वरी हॉस्पिटल झोपड्यांच्या पाड्यासारखं उभं राहिलं, जिथे रुग्णाजवळ त्याचं माणूस राहू शकतं. चकचकीत शहरी हॉस्पिटलांच्या ब्रोशरमध्ये आता 'पेशंट-सेंट्रिक केअर' असं लिहिलेलं असतं. हे ते!

बंग दांपत्यानं आणखी एक गोष्ट करून दाखवली. गडचिरोलीतल्या ३९ गावांत, गावातल्याच साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. बाळ उबदार ठेवणं, श्वास मोजणं, अंगावर पाजायला मदत करणं, धोक्याची लक्षणं ओळखणं. शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला तेही १९९९ सालीच. पुढे २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या हीच पद्धत वापरू लागल्या. आता बोला! गावातली बाई शिकून बाळ वाचवू शकते, तर इंजिनिअर नातू आजोबाला कुशीवर वळवायला शिकू शकत नाही?

खरं तर नर्सिंगवरचं जगातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तकसुद्धा नर्सेससाठी लिहिलेलं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली 'नोट्स ऑन नर्सिंग' लिहिलं ते घरी आजारी माणसाचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी. मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, वेळेवर जेवण. दीडशेहून जास्त वर्षं झाली, यादी फारशी बदललेली नाही.

उठा आबाजी!

आपल्याकडे आजारी माणसावर प्रेम म्हणजे 'पडून राहा, उठू नका, मी देतो ना'. इथेच घोटाळा आहे. २००७ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठ मंडळींना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ही धडधाकट माणसं! आजाऱ्याचं काय होत असेल?

म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टनी आबाजींना उभं केलं. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसवायचं, कारण एकदम उठलं की बीपी पडतं आणि माणूसही. पायात सैल स्लीपर नाही, मागे पट्टा असलेली चप्पल. दोन्ही हातांनी ओढून उठवायचं नाही, बगलेत हात घालून उचलायचं नाही. कमरेला आधार द्यायचा, जोर त्यांना लावू द्यायचा. 'पायात जीव नाही रे राहिला,' आबाजी म्हणाले. पहिल्या दिवशी चार पावलं. दुसऱ्या दिवशी सात. मी मोजत होतो, वॉर्ड मोजत होता. दहाव्या दिवशी वॉकर घेऊन दारापर्यंत गेले तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेखालच्या मुलानंही टाळ्या वाजवल्या.

हाच नियम बाकीच्या गोष्टींनाही. लघवीची नळी सोय म्हणून ठेवायची नसते, जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रोज सकाळी विचारायचं, 'डॉक्टर, आज नळी काढता येईल का?' तोवर पिशवी कमरेच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता. डायपरचंही तेच, गरज असेल तरच. ज्याला बेडपॅन मागता येतं त्याला डायपर घालणं म्हणजे त्याला सांगणं की आता तू मागू नकोस.

आबाजींनी पहिल्यांदा बेडपॅन घेतलं तेव्हा तोंड भिंतीकडे केलं होतं. मी चादरीचा आडोसा केला आणि झाल्यावर फक्त एवढंच विचारलं, 'दाढी करू या?' मग रोज सकाळी राउंडच्या आधी दाढी. त्यांचाच आरसा, त्यांचाच जुना ब्रश. दाढी झाल्यावर ते डॉक्टरांशी हिंदीत बोलायचे. दाढी नसेल तर बोलायचेच नाहीत.

'तुझी आई आहे ना!'

आत्याचा फोन आला होता. 'सुट्ट्या कशाला घालवतोस, तुझी आई आहे ना.' आहे ना! छप्पन्न वर्षांची, कंबरदुखीची. घरातल्या आजाऱ्याचं करणं हे आपोआप घरातल्या बाईच्या खात्यात जमा होतं, आणि आपण मुलगे पैसे ट्रान्सफर करून मोकळे. साठ किलोचं माणूस दर दोन तासांनी वळवायचं म्हणजे करणाऱ्याची कंबर जाते. गुडघे वाकवून, खाट उंच करून, शक्यतो दोघांनी. हे गणित एका बाईचं नाहीच.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. २०११च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेली माणसं साडेदहा कोटींच्या आसपास होती. आपल्यापैकी निम्मे पुणे-मुंबई-बंगळुरूला, आई-वडील वणी-वरोरा-ब्रह्मपुरीला. मॅटर्निटी लीव्ह २०१७ पासून कायद्यानं सव्वीस आठवडे झाली, छानच झालं. पण 'आजोबांचं करायचंय' म्हणून रजा मागा, एचआरचा चेहरा बघा!

आबाजी आता घरी आहेत. पाठीवर एक ओरखडा नाही. सायकल सुटली ती सुटलीच, बाजारापर्यंतही जाववत नाही. पण वॉकर घेऊन फाटकापर्यंत जातात, पेपरवाल्याशी भांडतात. सर्जनचं श्रेय सर्जनला. पण त्या मोठ्या सिस्टरनी पहिल्या रात्री वीस मिनिटं दिली नसती, तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. पुण्याला परतताना मी त्यांचे आभार मानायला गेलो. त्या कुणाला तरी सलाइन लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'आईले शिकवलं का पलटवणं? नाही त बाबाले शिकवा. मंग जा.'

बाबांना शिकवलं. मग निघालो.

पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारा

- किती वेळानं वळवायचं, कुठल्या कुशीवर, पाय कसा ठेवायचा? एकदा आमच्यासमोर करून दाखवाल का?
- काय खायला-प्यायला चालेल, आणि दिवसाला किती पाणी?
- कधीपासून बसवायचं, कधीपासून उभं करायचं?
- लघवीची नळी कधी निघेल?
- रात्री बडबड केली किंवा एकदम सुस्त झाले तर कुणाला बोलवायचं?

घरून बॅगेत काय न्यायचं? चष्मा, कानाचं मशीन आणि त्याचे जादा सेल, कवळीची डबी, टूथब्रश, पट्ट्याची चप्पल, छोटं घड्याळ, दोन जादा उशा, दाढीचं सामान. चालू गोळ्यांची यादी. आणि साबण! पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवायचे, प्रत्येक वेळी, प्रत्येकानं. भेटायला आलेल्या मावशी-काकांनीसुद्धा.